शेतावरच्या कौटुंबिक बाजारातून ताजा भाजीपाला घेताना : नवख्या ग्राहकांसाठी मार्गदर्शक

एखादे कुटुंब आपल्या शेतात पिकवलेला भाजीपाला आणि फळे शेताच्या कडेलाच मांडून थेट विकते, तेव्हा त्या मालाचे खरे मोल दोन गोष्टींत असते. तोडणीपासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत गेलेला वेळ फार थोडा असतो आणि ज्याने तो माल पेरला, वाढवला व तोडला तो माणूस समोर उभा असतो. मोठ्या दुकानातल्या सोयी, म्हणजे वर्षभर तोच माल, एकसारखा आकार आणि ठरलेल्या वेळा, इथे बहुधा मिळत नाहीत. म्हणूनच आठवड्याची ठाम यादी खिशात घालून शेतावर गेलेला ग्राहक अनेकदा निम्म्या वस्तूंवाचून परततो आणि जे उत्तम होते ते यादीत नसल्यामुळे मागे सोडून येतो. या दोन मोलाच्या गोष्टींचा पुरेपूर लाभ घेता यावा, अशा क्रमाने पुढील पायऱ्या दिल्या आहेत.

पहिली पायरी : निघण्यापूर्वी

आपल्या भागात सध्या कोणत्या पिकांचा हंगाम आहे याची ढोबळ कल्पना आधी करून घ्यावी, पण तारखांवर विसंबू नये. एकाच पिकाचा हंगाम एखाद्या वर्षी पावसामुळे किंवा थंडीमुळे दोन-तीन आठवडे पुढेमागे होतो, आणि शेजारच्या दोन शेतांतही पेरणीच्या वेळेप्रमाणे फरक पडतो. निघण्यापूर्वी फोन करून किंवा निरोप पाठवून आज काय काढले आहे, बाजार किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि पैसे कोणत्या स्वरूपात घेतले जातात, एवढे विचारून घ्यावे. कुटुंबाच्या बाजारात घरची माणसेच शेतात, काट्यावर आणि गाडीवर असतात. त्यामुळे जाहीर केलेल्या वेळेत बदल होणे अगदी स्वाभाविक असते.

सकाळी लवकर जाणे सर्वांत चांगले. पालेभाज्यांत पहाटे सर्वाधिक पाणी असते आणि उन्हाच्या आत तोडलेला माल थंड असतो. दुपारी तोडलेल्या मालात शेतातली उष्णता साठून राहते आणि तो लवकर मलूल पडतो. दिवस मावळताना गेल्यास निवड कमी मिळते, मात्र उरलेला माल थोड्या कमी भावात मिळण्याची शक्यता असते. जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी शक्यतो जाऊ नये, कारण चिखलामुळे तोडणी अडते, आणि पिकत आलेली फळे एकाएकी जास्त पाणी ओढून घेतल्यामुळे तडकतात किंवा बेचव होतात.

सोबत दोन-तीन मजबूत कापडी पिशव्या, नाजूक फळांसाठी उथळ टोपली किंवा क्रेट, पालेभाज्या गुंडाळण्यासाठी स्वच्छ ओलसर फडके आणि सुटे पैसे असावेत. घर तासाभराहून दूर असेल किंवा ऊन कडक असेल, तर बर्फ घातलेली थंड पेटी न्यावी; ती नसल्याने होणारे नुकसान पेटीच्या ओझ्यापेक्षा नक्कीच जास्त असते.

दुसरी पायरी : आधी फेरी, मग खरेदी

पोहोचल्याबरोबर पहिल्या टोपलीवर हात टाकू नये. आधी संपूर्ण मांडणीभोवती एक फेरी मारावी आणि कोणता माल भरपूर आहे ते पाहावे, कारण जो माल ढिगाने आहे त्याचा बहर चालू असतो आणि बहरातला माल चवीला व भावाला दोन्हीकडे बरा असतो. एखाद्या वस्तूचे चारच नग कोपऱ्यात दिसले, तर ती हंगामाची सुरुवात तरी असते किंवा शेवट तरी. वेलवर्गीय भाज्यांचे पहिले तोडे कोवळे आणि रसदार असतात, तर शेवटचे तोडे बहुधा निबर निघतात.

याच फेरीत आणखी एक गोष्ट शोधायची असते. शेतावरच्या बाजारात मांडलेला सगळा माल त्याच शेतातला असतो असे नाही. ग्राहकाला एकाच ठिकाणी सर्व मिळावे म्हणून अनेक कुटुंबे शेजाऱ्यांचा आणि काही वेळा घाऊक बाजारातलाही माल ठेवतात. त्यात काही गैर नाही, फक्त आपल्याला ते ठाऊक असावे. त्या हवामानात न येणारे फळ, सगळे नग एकाच मापाचे, फळावर चिकटवलेली छापील चिठ्ठी किंवा व्यापारी खोके ही बाहेरून आलेल्या मालाची चिन्हे आहेत.

तिसरी पायरी : प्रश्न विचारणे

नवखा ग्राहक सर्वांत जास्त संकोच करतो तो इथेच, आणि शेतावर येण्याचा अर्धा लाभ तिथेच गमावतो. विचारण्यासारखे प्रश्न थोडे असतात, पण ते नेमके असावेत. “यातले तुमच्या शेतातले कोणते?” हा पहिला. “हे कधी तोडले?” हा दुसरा, आणि त्याचे उत्तर “आज सकाळी” किंवा “काल संध्याकाळी” असे सरळ यावे, “ताजेच आहे” हे उत्तर नव्हे. तिसरा प्रश्न असा : “आज तुमच्या घरी यातले काय शिजणार आहे?” पिकवणारे कुटुंब स्वतः काय खाते, यावरून त्या दिवशीच्या उत्तम मालाचा पत्ता बहुतेक वेळा अचूक लागतो.

फवारणीविषयी विचारताना “औषध मारता का?” एवढेच विचारून भागत नाही, कारण त्याचे हो किंवा नाही असे उत्तर फारसे काही सांगत नाही. प्रत्येक कीडनाशकाच्या वेष्टनावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवसांचे अंतर ठेवावे हे दिलेले असते, आणि ते औषधाप्रमाणे व पिकाप्रमाणे बदलते. म्हणून “शेवटची फवारणी कधी केली, कशाची केली आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबलात?” असे विचारावे. हे अंतर पाळणारा शेतकरी तारीख सांगतो. क्वचित वहीही काढून दाखवतो.

‘सेंद्रिय’ या शब्दाबाबत थोडी स्पष्टता हवी. प्रमाणित सेंद्रिय माल म्हणजे ज्याच्या शेताची तपासणी बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेने केली आहे तो माल, आणि असे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी जमिनीला साधारणतः दोन ते तीन वर्षांचा रूपांतराचा काळ, म्हणजे रसायने थांबवून सेंद्रिय पद्धतीने पिकवण्याचा काळ, काढावा लागतो. त्यासाठी खर्च आणि नोंदी दोन्ही लागतात, त्यामुळे रसायने न वापरणारी अनेक लहान कुटुंबे प्रमाणपत्र घेत नाहीत. उलट, प्रमाणपत्राशिवाय केवळ पाटीवर तो शब्द रंगवणारेही असतात. प्रमाणपत्र असेल तर ते पाहावे. नसेल तर कीड आल्यावर आणि तण वाढल्यावर काय करतात हे विचारावे, आणि मिळालेल्या उत्तरातल्या तपशिलावरून आपले मत बनवावे. पानांवरची भोके हा मात्र कसलाच पुरावा नाही. फवारलेल्या पिकावरही भोके असू शकतात, आणि जाळीखाली वाढवलेले न फवारलेले पीक अगदी निर्मळ दिसू शकते.

मागे गर्दी असेल तर प्रश्न आवरते घ्यावेत आणि गर्दी ओसरल्यावर पुन्हा बोलावे.

चौथी पायरी : हाताने, डोळ्याने आणि नाकाने निवड

पालेभाजीची जुडी उचलल्यावर आधी देठाचा कापलेला भाग पाहावा. तो ओलसर आणि फिकट हिरवा असेल तर तोडणी अलीकडची आहे; तपकिरी, सुकलेला किंवा बुळबुळीत असेल तर माल जुना आहे, मग वर कितीही पाणी शिंपडलेले असो. जुडीच्या मध्यभागी बोट घालून आतली पाने तपासावीत, कारण सडण्याची सुरुवात तिथे, दाबल्या गेलेल्या ओलाव्यात होते. मुळा, गाजर, बीट यांच्या बाबतीत पाला जोडलेला असणे हे ताजेपणाचे सर्वांत प्रामाणिक चिन्ह आहे, कारण जमिनीतला कंद आठवडेच्या आठवडे टिकतो, पण पाला दोन दिवसांत मान टाकतो.

शेंगा मोडून पाहाव्यात; कोवळी शेंग टचकन तुटते, जून शेंग वाकते आणि तिच्या कडेने दोरा निघतो. भेंडीचे टोक अंगठ्याने सहज मोडले तर ती कोवळी असते, मात्र दहा भेंड्यांची टोके मोडून टोपलीत परत टाकणे हा विक्रेत्यावर अन्याय आहे. एक मोडून पाहावी आणि ती आपल्याच पिशवीत टाकावी. वांग्याची साल चकचकीत असावी, टोपी हिरवी असावी आणि बोटाने हलके दाबल्यावर पडलेला खळगा भरून यावा. साल निस्तेज झालेल्या, खळगा तसाच राहणाऱ्या वांग्यात बिया जून झालेल्या असतात. काकडी, दुधी आणि तत्सम फळभाज्यांत मोठ्या आकाराचा मोह टाळून मध्यम आकाराचे नग घ्यावेत. कोबी आकाराच्या मानाने जड असावा, आणि फुलकोबीचा गड्डा घट्ट असून त्याला बिलगलेली पाने टवटवीत असावीत.

मक्याच्या कणसाची सोलून पाहणी करण्याची सवय वाईट आहे, कारण सोललेले कणीस लगेच सुकू लागते आणि ते कोणी घेत नाही. आवरणावरूनच बोटाने टोकापर्यंत दाणे भरले आहेत का ते चाचपावे. आवरण हिरवे आणि ओलसर असावे, टोकाचे केस तपकिरी असले तरी आत मऊ असावेत. गोड मक्याच्या बाबतीत वेळेचे महत्त्व इतर कोणत्याही भाजीपेक्षा अधिक आहे. तोडल्याबरोबर त्यातल्या साखरेचे पिष्टात रूपांतर सुरू होते, आणि ३० अंश सेल्सिअस तापमानात एका दिवसात निम्म्याहून अधिक साखर नाहीशी होऊ शकते, तर शून्य अंशाजवळ हेच प्रमाण फार अल्प राहते. नव्या अतिगोड वाणांत हा ऱ्हास मंद असला, तरी जुन्या वाणांच्या ग्राहकाने मका त्याच दिवशी खावा. ओल्या वाटाण्याचेही असेच असते.

फळे घेताना एक भेद नीट समजून घेतला की निम्म्या चुका टळतात. टोमॅटो, केळी, आंबा, पपई, सफरचंद, नासपती आणि पीच ही फळे तोडल्यानंतरही पिकत राहतात, कारण ती स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूमुळे पिकण्याची क्रिया पुढे सरकते. द्राक्षे, स्ट्रॉबेरी, चेरी, अननस, कलिंगड आणि संत्र्यासारखी लिंबूवर्गीय फळे मात्र तोडल्यानंतर अधिक गोड होत नाहीत. तोडताना ती जशी होती तशीच चव अखेरपर्यंत राहते, फार तर साल मऊ पडते. त्यामुळे पहिल्या गटातली फळे वेगवेगळ्या अवस्थांतली घेतली, म्हणजे दोन आजच्यासाठी, चार परवासाठी, तर आठवडाभर पुरतात. दुसऱ्या गटातले फळ मात्र चाखून, वास घेऊन आणि पूर्ण पिकलेलेच घ्यावे. खालचा भाग पांढरट राहिलेली स्ट्रॉबेरी घरी नेऊन लाल झाली तरी गोड होणार नाही.

कलिंगड उलटे करून जमिनीला टेकलेला डाग पाहावा. तो पिवळसर, सायीच्या रंगाचा असेल तर फळ वेलीवर पुरेसे राहिले आहे, आणि पांढरा किंवा हिरवट असेल तर ते लवकर तोडले आहे. बोटाने वाजवून पाहण्याची कला अनेक जण मोठ्या आत्मविश्वासाने दाखवतात, पण तो आवाज ओळखायला बराच सराव लागतो आणि नवख्याने डागावर व वजनावर भिस्त ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. खरबुजाच्या देठाकडची बाजू नाकाशी न्यावी. पिकलेल्या खरबुजाचा सुगंध तिथे स्पष्ट येतो. द्राक्षांवर आणि प्लमवर दिसणारा पांढरट थर ही बहुधा सालीवरची नैसर्गिक मेणचट साय असते. ती अखंड असेल तर फळ फार हाताळले गेलेले नाही. भुकटीसारखे ठिपके किंवा ओघळ वेगळे दिसले तर मात्र विचारावे.

पाचवी पायरी : किती घ्यावे, आणि डागी मालाचे काय

ताजेपणासाठी येऊन आठवड्याहून अधिक पुरेल इतक्या पालेभाज्या घेणे हा विसंवाद आहे. पालेभाजी दोन-तीन दिवसांची, फळभाजी चार-पाच दिवसांची आणि कंदमुळे, कांदे, बटाटे जागा असेल तेवढे, असे प्रमाण ठेवावे.

मोठ्या प्रमाणात घ्यायचा माल असेल तो डागी. आकाराने वेडावाकडा, सालीवर ओरखडा असलेला किंवा अति पिकलेला माल बहुतेक शेतांवर वेगळा ठेवलेला असतो आणि तो बराच स्वस्त मिळतो. तो मांडलेला नसेल तर विचारावे, कारण अनेक कुटुंबे असा माल मागच्या बाजूला ठेवतात. टोमॅटोचा रस्सा, मुरंबा, लोणचे किंवा सुकवण करायची असेल, तर देखण्या मालाचे पैसे देण्यात अर्थ नाही. मात्र ओरखडा आणि सड यांत फरक करावा. कोरडा, भरून आलेला व्रण चालतो. मऊ पडलेला, पाणी सुटलेला किंवा बुरशी आलेला नग घेऊ नये, आणि घेतलेला डागी माल त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी शिजवून टाकावा. क्रेटभर माल हवा असल्यास दोन दिवस आधी सांगितले, तर कुटुंबाला तोडणी त्याप्रमाणे करता येते आणि भावातही सवलत मिळू शकते.

सहावी पायरी : अंडी, मध आणि दूध

अनेक शेतांवर हेही मिळते. अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक संरक्षक थर असतो आणि धुतल्याने तो निघून जातो. म्हणून अंडी धुतलेली आहेत की नाही हे विचारावे, आणि धुतलेली असल्यास ती थंडच ठेवावीत. मध घट्ट होऊन रवाळ झाला तर तो भेसळीचा पुरावा नसतो, कोमट पाण्यात बाटली ठेवल्यावर तो पुन्हा पातळ होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र कोणताही मध देऊ नये, कारण त्यातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. कच्चे दूध शेतावरचे आहे म्हणून सुरक्षित ठरत नाही. दुग्धालयात ते ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे तापवून त्यातील रोगकारक जंतू मारतात. घरी ते उकळूनच वापरावे.

सातवी पायरी : काट्यापाशी

भाव पाटीवर लिहिलेले असतील तर तेच द्यावेत. अधिक माल घेताना किंवा दिवस संपताना सवलत विचारण्यात गैर नाही, पण एका जुडीसाठी घासाघीस करणे अशोभनीय आहे. भाव वजनावर आहे, नगावर आहे की जुडीवर, हे आधी स्पष्ट करून घ्यावे, आणि पाल्यासह घेतलेल्या कंदांचे वजन पाल्यासहच होते हे लक्षात ठेवावे. काही शेतांवर विक्रेता हजर नसतो. माल, भावफलक आणि पैशाची पेटी एवढेच असते. तिथे हिशेब स्वतः करून पूर्ण रक्कम टाकावी. परवानगीवाचून पिकात शिरू नये, आणि आपल्या हाताने तोडण्याची मुभा असेल, तर कुठल्या ओळीतून तोडायचे आणि देठ कसे कापायचे ते विचारूनच तोडावे, कारण ओढून तोडलेल्या एका फळामुळे आख्खी फांदी मोडू शकते.

आठवी पायरी : घरी नेणे आणि साठवणे

गाडीत कंदमुळे, कोबी, कलिंगड तळाशी, त्यावर फळभाज्या आणि सर्वांत वर पालेभाज्या व नाजूक फळे ठेवावीत. बंद गाडीत उन्हात माल ठेवून वाटेत दुसरी कामे करू नयेत. सकाळच्या तोडणीने मिळालेला सारा लाभ त्या तासाभरात वाया जातो.

घरी पोहोचल्यावर मुळा, गाजर आणि बीट यांचा पाला बोटभर देठ ठेवून लगेच कापावा, कारण पाला कंदातले पाणी ओढत राहतो. तो फेकू नये, शिजवावा. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात किंवा कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी आणि वापरायच्या वेळी धुवावी. माती फार असल्यामुळे आधीच धुवायची असेल, तर पूर्ण कोरडी करूनच ठेवावी. स्ट्रॉबेरीसारखी फळेही खाण्यापूर्वीच धुवावीत. धुण्यासाठी वाहते स्वच्छ पाणी पुरते. साबण वापरू नये, कारण तो सालीतून आत शिरू शकतो.

फ्रिज सर्वांना मानवत नाही. टोमॅटो सुमारे १२ अंशांखाली ठेवला तर त्याचे पिकणे थांबते आणि स्वाद उतरतो, म्हणून तो बाहेर, देठाची बाजू खाली करून ठेवावा. अगदी पिकून गेला तरच एक-दोन दिवस आत ठेवावा आणि खाण्यापूर्वी काही वेळ बाहेर काढावा. काकडी, वांगी आणि भेंडी यांनाही अति थंडी बाधते, त्यामुळे ती फ्रिजच्या सर्वांत कमी थंड भागात ठेवून तीन-चार दिवसांत संपवावीत. बटाटे अंधारात, थंड व हवेशीर जागी ठेवावेत. प्रकाशात ते हिरवे पडतात आणि त्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते, तर फ्रिजमध्ये त्यांच्यातल्या पिष्टाची साखर होऊन तळताना ते काळपट होतात. कांदे बटाट्यांपासून दूर आणि कोरड्या जागी ठेवावेत. सफरचंद, केळी यांसारखी इथिलीन सोडणारी फळे पालेभाज्या, काकडी आणि गाजर यांच्या शेजारी ठेवू नयेत. त्या वायूने पाने व काकडी पिवळी पडतात आणि गाजराला कडवटपणा येतो. कच्चा टोमॅटो लवकर पिकवायचा असेल, तर हाच गुण उपयोगी आणून तो केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवावा.

त्यानंतर घरात काय आधी शिजवायचे याचा क्रम मालानेच ठरवू द्यावा : त्या दिवशी मका, वाटाणा आणि कोवळा पाला, पुढच्या दोन दिवसांत शेंगा, भेंडी आणि पिकलेली फळे, मग फळभाज्या, आणि आठवड्याच्या शेवटी कोबी व कंद. एखाद्या भाजीची चव विशेष आवडली तर पुढच्या खेपेला तिच्या वाणाचे नाव विचारून लिहून ठेवावे आणि ती आवडल्याचे त्या कुटुंबाला सांगावे. लहान शेतावर पुढच्या हंगामाचे बियाणे मागवताना अशा नोंदींचा विचार होतो, पण ते बियाणे मागवण्याच्या आधी सांगितले तरच.